आधी पावडर, मग पेग

आज सायंकाळी बेळगावच्या खडेबाजारातील एका औषधांच्या दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने ‘लिव्हरची पावडर’ मागितली. दुकानदाराने मक्याच्या पेप्टाइडचे पाकीट पुढे केले आणि पार्टीला बसण्यापूर्वी पाण्यातून घ्या, मग काळजी नको, असे अगदी सहज सांगितले. तिथे मी गप्प राहिलो. इथे राहणार नाही.

मका आपल्या जिल्ह्याला नवा नाही. त्यातील स्टार्च काढून घेतल्यावर उरणारी प्रथिने विकरांनी (एन्झाइमांनी) तोडली की अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या मिळतात, त्याच या पेप्टाइड. त्यांत ल्युसीन आणि अ‍ॅलानीन भरपूर असल्यामुळे दारूच्या विघटनासाठी यकृताला लागणाऱ्या एनएडी या रेणूचा पुरवठा सुधारत असावा, असे संशोधकांना वाटते. दारू पाजलेल्या उंदरांच्या यकृताची हानी या पेप्टाइडमुळे कमी झाल्याचेही दिसले आहे. सोयाबीनच्या पेप्टाइडवरही असे काम झाले आहे. संशोधन खोटे आहे, असे मी म्हणत नाही. पण प्रयोगशाळेतला उंदीर कुठे आणि वर्षानुवर्षे रोज क्वार्टर रिचवणारे आमचे धाकटे काका कुठे!

काकांनी आधी भुईआवळ्याचा रस घेतला, मग जाहिरातीतले सिरप. काकूंनी हटकले की त्यांचे उत्तर ठरलेले असे, “औषध चालू आहे की!” त्या एका वाक्यावर त्यांनी किती संध्याकाळी काढल्या, हे आमच्या घराला विचारा. २००७ मध्ये कर्नाटकात अरॅक ही देशी दारू बंद झाली तेव्हा काकूंनी देवापुढे नारळ फोडला. काका चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या बाटलीकडे वळले. पोटात पाणी झाले तेव्हाही सिरपची बाटली उशाशी होतीच. आज ते असते, तर हे पाकीट त्यांनी सर्वांत आधी विकत घेतले असते, आणि त्यांच्या हातात ते देणाऱ्याला कसलीच लाज वाटली नसती, याचा मला संताप येतो.

ज्याची सुटतच नाही त्याला एवढा तरी आधार मिळू द्या, असे कोणी म्हणेल. मिळू द्या, पण माणसांवर नीट तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ‘पिण्यापूर्वी घ्या’ असे सांगून नव्हे. यकृतात नुसती चरबी साठली असेल, तर दारू थांबवल्यावर ती बहुधा काही आठवड्यांत ओसरू लागते. यकृत घट्ट करणाऱ्या सिऱ्होसिस या आजाराचे व्रण मात्र सहसा पुसले जात नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून एक विनंती. घरात रोज पिणारे कोणी असेल, तर त्यांची दारू एकदम तोडू नका. काकांची आम्ही तशी तोडली होती. दोन-तीन दिवसांतच हात कापू लागले, ते असंबद्ध बडबडू लागले, आणि घरच्यांनी बाहेरची बाधा समजून अंगारा लावला. दारू अचानक थांबल्याने झटके येऊन जीवही जाऊ शकतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे ती सोडवायची तर आधी डॉक्टरांना गाठा, आणि रोज किती पितात हे त्यांना खरे सांगा.