पाच किलोत कोण ऐतखाऊ होतं?

आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज येऊन पडला. 'सरकारी गोदामं ओसंडून वाहताहेत, तांदूळ निर्यातीत भारत जगात पहिला. भूक कुठे आहे? 80 कोटी लोकांना फुकट धान्य देऊन ऐतखाऊ केलं, म्हणून कामाला माणसं मिळत नाहीत. रेशन बंद करा.' खाली अंगठ्यांची रांग. माझ्या अंगठ्याऐवजी हे घ्या.

आधी 'ऐतखाऊ'. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे बहुतेक रेशनकार्डधारकांना, माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. दिवसाला साधारण 166 ग्रॅम. काल तेवढी कणीक काट्यावर तोलून मळली, तर पाच पोळ्या आणि एक चानकी झाली. डाळ, तेल, भाजी, गॅस, खोलीचं भाडं ज्याचं त्याने बघायचं. एवढ्यावर कोणी काम सोडून घरी बसत असेल तर त्याचा पत्ता द्या, मी शिकायला जाते. आणि 'फुकट'चा हिशेब: कोविडकाळातलं जादा धान्य सोडलं, तर 2022 संपेपर्यंत हाच तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलोने मिळत होता. म्हणजे फुकट झाल्यावर माणशी महिन्याला वाचले फार तर 15 रुपये. पंधरा रुपयांत वडापाव तरी येतो का हल्ली?

तांदूळ निर्यातीचं खरं आहे. पण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, डाळीही मागवाव्या लागतात. 2022च्या मार्चमध्ये ऊन तापलं, गहू होरपळला आणि 13 मे रोजी निर्यात बंद झाली. पुढच्याच वर्षी जुलैत बिगरबासमती पांढऱ्या तांदळावर तीच पाळी आली. भरलेल्या गोदामाची ऐट एवढीच. '72च्या दुष्काळात मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी खाल्लेलं माणूस घरात असेल तर त्यांना विचारा. त्याच काळात महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. दुकानात माल असून पिशवीत येत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

'भूक कुठे आहे?' 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय. भाताने पोट भरतं, रक्त भरत नाही.

खोटे दाखले देऊन कार्ड मिळवणारे आहेत, मान्य. त्यांची नावं खुशाल कापा. पण राज्याने शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ठेवली ती वर्षाला 59,000 रुपयांची, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा सुटत नाही. त्यात लाभार्थ्यांचा कोटा अजून 2011च्या जनगणनेवर बेतलेला.

राहिलं 'माणसं मिळत नाहीत'. आमच्या मावशींच्या बोटांच्या रेषा भांडी घासून झिजल्यात, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. गेल्या महिन्यात दोनदा रिकाम्या पिशवीने परत आल्या. तिसऱ्यांदा गेल्या त्या दिवशी दुपार रांगेतच गेली, आमच्या विंगमध्ये चार घरांची भांडी तुंबली. संध्याकाळी ह्याच ग्रुपवर मेसेज आला: 'बाई आज पण नाही.'