‘बेवडा’ या एका शब्दात न मावणारी माणसे

आमच्या सोलापुरात दारू न सुटणाऱ्या प्रत्येकाला ‘बेवडा’ हा एकच शब्द लावला जातो आणि तो एकदा चिकटला की त्या माणसाचा मूळ स्वभाव काय होता, हे विचारायची गरज कोणालाच वाटत नाही. माझ्या घरात मी या व्यसनाची दोन रूपे पाहिली. त्या दोघांत दारूखेरीज काहीही समान नव्हते.

थोरले मामा यंत्रमागावर काम करीत. अत्यंत भिडस्त, गड्ड्याच्या यात्रेतही गर्दीच्या कडेने चालणारे. चाळिशीला टेकेपर्यंत त्यांनी दारूला हात लावला नव्हता. कारखान्यातली त्यांची पाळी बंद झाली, झोप उडाली आणि झोपेसाठी म्हणून घेतलेला घोट अंगवळणी पडला. पिऊन आले की ते कोणाशी न बोलता माळ्यावर जाऊन रडत आणि सकाळी मामींच्या नजरेला नजर देत नसत. चुलतभाऊ मात्र सतराव्या वर्षीच प्यायला लागला, त्याचे वडीलही पिणारेच. भांडण, पैज, भरधाव गाडी यांची ओढ त्याला दारूच्या आधीपासूनच होती.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी स्वीडनमधील दत्तक मुलांच्या अभ्यासावरून नेमके असेच दोन प्रकार मांडले होते : पंचविशीनंतर सुरू होणारा, चिंता आणि अपराधी भाव असलेला एक, आणि लहान वयात सुरू होणारा, उतावीळ, बापाकडून मुलाकडे येणारा दुसरा. १९८७ मधली ही विभागणी वाचताना मला आमचेच घर दिसले, हे खरे. परंतु पुष्कळ माणसे या दोन्ही खणांत अर्धीअर्धी बसतात, आणि अमुक स्वभावाचाच माणूस व्यसनी होतो असे काही आढळलेले नाही. शिवाय खोटे बोलणे, चिडचिड, संशय या ज्या गोष्टींना आपण ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणतो, त्यांतल्या कित्येक दारूने नंतर आणलेल्या असतात. मामा पैशांबाबत खोटे बोलू लागले, ते पिऊ लागल्यानंतरच.

म्हणूनच सर्वांना एकच दम, एकच शपथ, एकच उपदेश देण्याची आपली रीत मला पटत नाही. नातेवाईकांनी चारचौघांत केलेली खरडपट्टी चुलतभावाने हसण्यावारी नेली. मामांनी त्याच रात्री दुप्पट घेतली.

पुढे दोघेही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला गेले. चुलतभाऊ पहिल्याच दिवशी अर्धा तास बोलला आणि तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनासा झाला. मामा पाच महिने शेवटच्या खुर्चीवर गप्प बसून होते. त्यांना बोला म्हणून कोणी आग्रह केला नाही, म्हणूनच ते जात राहिले, असे मामी सांगतात.