जिनिव्हाचं मशीन पृथ्वी गिळणार नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

‘सर्नच्या महामशीनमधून या अमावास्येला कृष्णविवर निघेल, पृथ्वी गिळेल. नागपूरचा नवतपा त्यामुळेच तापतोय. तिथे नटराज उगाच नाही बसवला. रात्री मोबाइल बंद ठेवा.’ मावशीने हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि दहावीतली माझी भाची रात्रभर आईला बिलगून होती. सर्न ही जिनिव्हाजवळची युरोपीय संशोधन संस्था. तिचं हे मशीन, म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडर, जमिनीखालच्या बोगद्यात अणूंतले कण एकमेकांवर आदळवतं. 2008 मध्ये ते सुरू झालं, तेव्हा टीव्हीवर अशाच बातम्या पाहून घाबरलेल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या एका मुलीने जीव दिला, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. म्हणून ‘गंमत म्हणून फॉरवर्ड केलं’ हे मला चालत नाही.

अमावास्येचा मुहूर्त कुठून आला? 27 किलोमीटरच्या त्या बोगद्यात प्रोटॉनच्या टकरी 13.6 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवर जुलै 2022 मध्येच सुरू झाल्या. आकडा दणदणीत, पण एका टकरीची ऊर्जा उडणाऱ्या डझनभर डासांएवढी. ती अतिसूक्ष्म जागेत कोंबलेली असते, एवढंच.

आता त्यातलं अर्धं खरं. काही सिद्धान्तांप्रमाणे तिथे अतिसूक्ष्म कृष्णविवर तयार होऊ शकतं. शास्त्रज्ञांनी ते शोधलंही, कारण सापडलं तर अवकाशाला लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या जास्तीच्या मिती असल्याचा तो पुरावा ठरेल. अजून सापडलेलं नाही. आणि ते क्षणात विरून जाईल, असं गणित सांगतं. समजा, नाहीच विरलं. सर्नचा 2008 चा सुरक्षा अहवाल नेमकं तेच धरून चालतो. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, पृथ्वीवर याहूनही जास्त ऊर्जेने आदळतात. या मशीनच्या लाखभर प्रयोगांइतक्या टकरी निसर्गाने इथेच केल्यात. कोणी म्हणेल, ती विवरं वेगामुळे पृथ्वीच्या आरपार गेली असतील, मशीनमधली मात्र इथेच थांबतील. मग श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे दाट गाभे, पाहा. विश्वकिरण त्यांच्यावरही आदळतात. ते इतके घन की विवरं तिथे अडकलीच असती. तरीही ते तारे अब्जावधी वर्षं शाबूत आहेत.

नवतप्याचं काय सांगायचं! मशीन नव्हतं तेव्हाही नागपुरात मे महिन्यात दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचेच.

मोबाइलचा आणि त्या टकरींचा काडीचाही संबंध नाही.

नटराजाची मूर्ती आपल्याच सरकारने 2004 मध्ये भेट दिली. मशीनचे अवजड चुंबक ज्या हजारो जॅकवर बसवलेत, तेही भारतात बनले. तिथल्या सीएमएस आणि ॲलिस प्रयोगांत आपले संशोधक काम करतात, आणि 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.