शेवटचा दिवस, साडेतीन किलो

बँकॉकच्या ट्रिपचे पाच दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते सहाव्या दिवसावर, जो पॅकेजमध्ये मोजतात, पैसेही घेतात, पण त्या दिवशी आपण टुरिस्ट नसतो, हमाल असतो.

12 ला चेकआउट. मी बॅगेवर बसलोय, बायको चेन ओढतेय आणि आई बाजूला उभी राहून "अगं दुसरीकडून ओढ". येताना हीच बॅग एका हातानं बंद झाली होती. मग वाढलं काय? तर प्रातूनामच्या बाजारातल्या हत्तीछाप ढगळ पँटी नऊ (घरात माणसं तीन), सुका आंबा, चिंचेच्या गोळ्या, टायगर बामच्या डझनभर डब्या, कारण आईच्या मते आख्ख्या सोसायटीचं डोकं दुखतं. आणि कमी झालं काय? काही नाही. परदेशात उपाशी मरू नये म्हणून आणलेलं दोन किलो भडंग नि लोणच्याची बरणी जशीच्या तशी, कारण हॉटेलचा ब्रेकफास्ट फुकट होता आणि फुकट ते सोडायचं नाही हेही आईनंच शिकवलेलं.

सुवर्णभूमी एअरपोर्टवर आधी व्हॅट रिफंड, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स टुरिस्टला परत. एका दुकानात एका दिवशी किमान 2000 बाटची खरेदी लागते, आमचं बिल 1940 चं. "तेव्हा तो लाकडी हत्ती घेऊ दिला असतास तर!" बायको म्हणाली. यावर उत्तर नसतं.

मग चेक-इन. लिमिट 20, काट्यावर साडेतेवीस. काउंटरवरची मुलगी इतकं गोड हसली की वाटलं सोडतेय, पण तिनं एक्स्ट्रा किलोचा रेट सांगितला. झालं, लाइनच्या बाजूला भर रस्त्यात बॅग उघडून बसलो, मागनं येणारे गोरे लोक माझ्या बनियनला वळसा घालून जातायत, मी अंगावर दोन जॅकेटं चढवली, बायकोनं पर्समध्ये बाम कोंबले आणि बरणी गेली आईच्या हँडबॅगेत. काटा 19.8. जग जिंकलं.

सिक्युरिटीला बरणी पकडली. 100 मिलीच्या वरचं पातळ चालत नाही. "हे पातळ कुठाय, फोडी आहेत," असं आई शुद्ध मराठीत पटवत होती आणि तो माणूस ग्लोव्हज घालून तेलाच्या तवंगाकडे बोट दाखवत होता. तवंग जिंकला.

आत समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा आहे, वासुकीला एकीकडून देव ओढतायत, दुसरीकडून दानव. सकाळच्या चेनची आठवण झाली, पण बोललो नाही, कोण कुठल्या बाजूला असा प्रश्न आला असता. आई मात्र वर विष्णूला हात जोडून शेजारच्या खुर्चीत टेकली, भडंगाची पिशवी सोडली आणि पहिला घास घेऊन म्हणाली, "लोणचं हवं होतं रे."