बेसवाला घरीच राहिला वाटतं!

डोकं तडकलंय नुसतं. ज्या बँडचा पहिला अल्बम मी कॅसेटची फीत तुटली की चिकटपट्टी लावून लावून ऐकला, तो इतक्या वर्षांनी विनाइलच्या तबकडीवर परत निघाला. सुई टेकवली आणि पहिल्याच गाण्यात कळलं, बेसच, म्हणजे खर्जातली गिटारच, गायब आहे.

अरे, फंक मेटल आहे ना हे, फंकचा ठेका आणि मेटलची गिटार? गिटार थोडी दबली तर एक वेळ चालवून घेईन. पण फ्ली किंवा लेस क्लेपूलसारखा बेसवाला अंगठ्याने तारेवर फटका मारतो तेव्हा तो थेट पोटात बसतो, त्यासाठीच तर माणूस हे संगीत ऐकतो! इथे पलीकडच्या खोलीत कोणीतरी टेबलावर बोटं आपटत बसलंय असं वाटतं.

कारण शोधायला इंजिनिअर व्हायला नको. अल्बम 54 मिनिटांचा. 1990 च्या आसपास सीडीचा जोर होता, तिच्यात 74 मिनिटं मावायची, त्यामुळे अल्बमही ऐसपैस निघायचे. बारा इंची एलपी तबकडीची एक बाजू मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला वीस-बावीस मिनिटंच नीट पेलते. बेस जितका खालचा आणि दणकट, तितका ग्रूव्ह, म्हणजे सुई चालते ती खाच, आडवा डुलणार आणि जागा खाणार. जागा नसली की एक तर आवाज उतरवा, नाहीतर बेस छाटा. या कंपनीच्या पठ्ठ्यांनी दोन्ही केलं! दोन तबकड्या काढल्या असत्या तर प्रश्नच मिटला होता. पण नाही, एकीतच 27-27 मिनिटं कोंबली.

बरं, खर्च परवडत नव्हता म्हणावं तर जांभळी तबकडी आहे, शिंतोडेवाली आहे, आरपार दिसणारी आहे, अंधारात चमकणारीसुद्धा आहे. एकाच अल्बमचे चार अवतार! रंगांना पैसे आहेत, दुसऱ्या तबकडीला नाहीत. वर मिरवतात काय, तर तबकडीचं वजन 180 ग्रॅम. प्लास्टिक जाड केलं म्हणून बेस जाड होतो का रे? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ‘नव्याने मास्टर केलेलं’ असं स्टिकर ठळक आहे, कशावरून केलं, मूळ टेपवरून की सीडीवरून, ते मात्र कव्हरवर कुठेच नाही.

शेवटच्या गाण्याचे हाल तर विचारूच नका. सुई आत सरकत जाते तसा तिच्याखालच्या ग्रूव्हचा वेग उतरतो, कडेला असतो त्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. नेमकं तिथेच अल्बममधलं सगळ्यात धिंगाणा घालणारं गाणं. झांजा कागद फाडल्यासारख्या वाजतात.

आणि भोक? तेही मधोमध नाही! टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, झोपाळ्यासारखा डुलतोय, लांबवलेला प्रत्येक सूर वरखाली होतोय. तक्रार केली, तर उत्तर आलं, तुमची सुई तपासा. तपासली. नवी बसवली. त्याच सुईवर माझ्या बाकीच्या रेकॉर्डी भिंती हलवतात, यांचीच तेवढी खोकते. व्हिडिओ काढून पाठवला तेव्हा कुठे दुसरी प्रत द्यायला तयार झाले, तेही उपकार केल्यासारखे.

ती काल आली. भोक अगदी मधोमध आहे. बेस हिच्यातही नाही.