यूडीआयडी कार्डावर घरी फुकट नर्स? नाही

‘यूडीआयडी कार्ड दाखवा, पालिका चोवीस तास फुकट नर्स घरी पाठवते’ हा मेसेज परळ-दादरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र; कार्ड हा दिव्यांगत्वाचा आणि त्याच्या टक्केवारीचा पुरावा. नुसत्या कार्डावर नर्स मिळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३८नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना जादा आधारासाठी अर्ज करता येतो, मग मूल्यांकन मंडळ गरज तपासतं. बस्स, एवढंच.

आणखी एक. घरी रुग्णाची काळजी घ्यायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणारी प्रत्येक मावशी नर्स नसते. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ पुसणं, डायपर हे ती सांभाळते, बऱ्याचदा आपल्यापेक्षा छान. पण लघवीची नळी बदलायला प्रशिक्षित नर्सच हवी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.