परदेशातून देवनागरी फाइल प्रेसला पाठवण्याआधी

परदेशात ग्राफिक डिझाइनचं काम करणाऱ्या मराठी माणसाकडे कधी ना कधी देवनागरी येतेच. मंडळाची गणेशोत्सवाची पत्रिका असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर दवाखान्याचं बहुभाषिक माहितीपत्रक. पुण्यातल्या प्रेसमध्ये काही चुकलं तर कुणीतरी फोन करून विचारतं, "हा रफार इथे कसा?" टोरोंटोत किंवा म्युनिकमध्ये ते अक्षर वाचणारं तुमच्याशिवाय कुणीच नसतं. म्हणून मोडकी देवनागरी छापली गेली, तर माझ्या मते तो दोष प्रेसचा नाही, आपला आहे.

पहिला घोळ इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो. रोमन लिपीसाठीचा नेहमीचा कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय) चालू असला, तर 'किल्ला'मधली वेलांटी क-च्या नंतर जाऊन बसते आणि ल्ल फुटून पाय मोडका ल वेगळा दिसतो. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा, आणि तो पॅराग्राफ स्टाइलमध्येच घाला. नुसता निवडलेल्या ओळींना लावला, तर उद्या आलेला नवा मजकूर पुन्हा फुटतो. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी ठेवा. फॉन्टमध्ये सोय असेल, तर मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श त्यामुळेच मिळतो. वेबसाइटवर हेच काम एचटीएमएलमधला 'एमआर' हा भाषेचा कोड करतो.

आता ऱ्य. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फोनवर टाइप केलेल्या मजकुरात 'दुसर्या', 'येणार्या' सर्रास येतं. योग्य अक्षरासाठी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. इथे 'रिप्लेस ऑल' कधीही करू नका, कारण 'सूर्य', 'कार्य', 'कार्यक्रम' सगळे बिघडतात. 'र्य' आणि 'र्ह' शोधायचे आणि एकेक डोळ्यांनी बघायचे. आठ पानांच्या अंकाला यात अर्धा तास सहज जातो, तो धरूनच चला.

गावाकडून जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला की तो रोमन अक्षरांची खिचडी दिसतो. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि अवतरणचिन्हं हमखास तपासा.

मथळ्याला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, देऊ नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजीत शोभणारी ती मोकळीक इथे दात पडल्यासारखी दिसते. ओळींमधलं अंतर आपोआप येणाऱ्या १२० टक्क्यांवर सोडलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. १४०-१५० पासून सुरुवात करून फॉन्टप्रमाणे ठरवा.

अमेरिका-कॅनडात लेटर कागद ए४ पेक्षा ६ मिमी रुंद आणि १८ मिमी आखूड असतो. मुंबईहून आलेलं ए४ डिझाइन 'फिट टू पेज'ने छापलं की ९४ टक्क्यांवर येतं आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतात. पान नव्याने मांडा. ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेली छपाई, तिथे पाव इंचाच्या निम्मा, युरोपात ३ मिमी.

प्रेसला मूळ फाइल न देता फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच सामावलेली, पीडीएफ द्या.

आणि द्विभाषिक कामाचे पैसे वेगळे सांगा, ओळखीतलं काम असलं तरी. वर लिहिलेलं सगळं तासांत मोजता येतं. कोटेशनमध्ये 'मराठी मुद्रितशोधन' अशी स्वतंत्र ओळ घाला आणि छापील प्रूफची एक प्रतही त्यातच मागून ठेवा.